डावा जरा घट्ट

केटरिंगमध्ये एकेकाळी बुटांचे कारखाने होते म्हणे.
आता त्यांत फ्लॅट आहेत,
आणि माझ्या मागच्या खोलीत बेचाळीस जोड,
कुणी ना कुणी घालून झालेले.
रविवारी कार बूट सेलमधून उचलते,
(नाव ऐकून पहिल्यांदा वाटलं होतं, तिथे बूटच विकतात)
साबणाने पुसते, मेण चोळते,
आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबते,
खिडकीच्या उजेडात फोटो काढते: वरून, बाजूने, तळवा.
भेग असली तर भेगेचा वेगळा.

आज एक खोकं परत आलं.
लँकेस्टरहून, कुणी डेरेक ऑल्डक्रॉफ्ट.
तपकिरी ब्रोग, नऊ नंबर, अठ्ठावीस पौंड.
कारण: माप बरोबर नाही, डावा घट्ट होतो.
घरात, गालिच्यावर, फक्त दोन मिनिटं घालून पाहिला.

नऊ म्हणजे काय, हे लिहून लिहून मी थकले.
नऊ हा आकडा कारखान्याचा.
बूट वापरात आला की आकडा नुसता जिभेखाली छापलेला राहतो,
आतली जागा पहिल्या माणसाची होते,
त्याच्या अंगठ्याचा खळगा, टाचेचा उतार,
तो कुठल्या बाजूला झुकून बसची वाट बघायचा ते.
म्हणून मी टेप आत सरकवून सेंटिमीटर देते.
लिहिते: संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय फुगतो.
कागदावर उभे राहा, पेन्सिल सरळ धरा.
दोन्ही पाय मोजा, देवाने ते एका साच्यातून काढलेले नाहीत.
वाचतं कोण.

खोकं उघडलं.
तळव्याच्या शिवणीत एक कागदी पाकळी.
गुलाबी, शर्टाच्या बटणाएवढी.
दुसरी पांढरी, टाचेखाली, चिखलासकट.

गालिच्यावर. दोन मिनिटं.

आधी हसले. मग चिडले.
लिहिलं: साहेब, गालिच्यावर लग्न लागलं होतं का?
खोडलं.
लिहिलं: वापरलेला माल परत घेत नाही.
पण माझा मालच मुळी वापरलेला.
खोडलं.

मग सवयीने डाव्यात हात घातला
आणि टाचेपाशी बोटाला लागली
गुंडाळी झालेली चिकटपट्टी,
मधोमध सुकलेला तपकिरी ठिपका.

म्हणजे चावला होता.
खरंच चावला होता माणसाला,
फोटोला उभं राहताना, केक कापताना,
नाच सुरू झाल्यावर तर विचारायलाच नको,
आणि तो हसत राहिला असेल, कुणाचा बाप की मामा,
उजवा पाय निवांत, डावा निखाऱ्यावर.

जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं, म्हणतात.
पैसे परत करायचे ते मात्र विकणारीने.

मला माप पहिल्यांदा भेटलं ते उंबऱ्यावर,
तांदळांनी भरलेलं, उजव्या पायाने अलगद लवंडायचं.
बायका म्हणाल्या, काय जोडा शोभतो.
टेप लावून कुणी पाहिलं नव्हतं.
सोळा वर्षांनी तो बर्मिंगहॅमला राहायला गेला,
दारामागे आठ नंबरचे काळे बूट विसरून.
ती माझी पहिली विक्री. अकरा पौंड.
बेडफर्डच्या माणसाने घेतले.
परत आले नाहीत.

डेरेकना अठ्ठावीस पाठवले, पुरते.
टपालाचे तेवढे दिले नाहीत.
त्यावर ते काही बोलले नाहीत,
मी पाकळ्यांवर बोलले नाही.

रात्री डाव्यात लाकडी साचा घातला,
स्क्रूचे दोन आटे फिरवून ठेवला.
पांढरी चिखलाबरोबर गेली.
गुलाबी शिवणीतून निघेना, सुई लावली.

सकाळी नवे फोटो, खिडकी तीच.
खाली लिहिलं:
ब्रोग, तपकिरी. आतून साडेअठ्ठावीस सेंटिमीटर.
आधी दोघांनी घातलेला.
एका लग्नात नाचलेला.
डावा जरा घट्ट.
संध्याकाळी मोजा.