माप

राजारामपुरीत, नवव्या गल्लीत,
पिठाच्या गिरणीच्या वर जिम निघाली.
तीन दिवस मी जिन्यापर्यंत गेले
आणि तिन्ही दिवस दोन-दोन किलो ज्वारी दळून परत आले.
डबे भरले. नवरा म्हणाला,
"पाहुणे येणारेत का काय?"

डॉक्टर म्हणाले होते,
मशीन मारून गुडघे गेलेत, साखर वाढलीय,
जरा अंग हलवा.
अंग!
ह्या गावात अंग असतं ते पोरांचं,
तालमीत तेल लावून, तांबडी माती फासून
चारचौघांत मिरवायचं.
आमचं नुसतं झाकायचं,
आणि झाकायचं कसं, ते विचारायला
बायका माझ्याकडंच येतात.

एकोणतीस वर्षं गळ्यात टेप.
छाती, कंबर, मुंडा, बाहीचा घेर.
"जरा सैल ठेवा हं ताई."
"दंड दिसाय नको."
"मागचा गळा लहानच बरा, वळ्या पडतात."
टेपापुढं श्वास ओढून उभ्या राहतात,
आणि मी काही न बोलता
दोन बोटं वाढवून कापते.

माझं माप?
माझा झंपर मी जुन्यावर ठेवून बेतते,
दर साली कडेला अर्धा इंच जास्त,
तोही न मोजता.

चौथ्या दिवशी घरातली ज्वारी संपली.
पिशवीत ब्लाऊजपिसांच्या खाली पँट होती,
शटर ओढून रात्री शिवलेली.
चढले.

आरसेच आरसे.
माझ्या दुकानात एकच आहे, तोही गिऱ्हाइकाकडं तोंड करून.
इथं मीच चहूबाजूंनी अंगावर आले माझ्या.
स्वतःची पाठ कधी बघितलीच नव्हती.
रुंद निघाली. आईसारखी.
कोपऱ्यात कोण तरी हसलं,
ते मलाच, असं मी धरून चालले.

हर्षला पोवार, कागलची, कबड्डी खेळलेली,
म्हणाली, "मावशी, ह्याच्यावर चढा. नुसतं चाला."
पट्टा पायाखालनं सरकाय लागला.
पाय हलवायचे आणि जायचं कुठंच नाही.
अगं बाई,
आजपर्यंत दुसरं काय केलं मी?

मग जरा मान वर केली.
सायकलवर मालन इंगवले.
छत्तीस, चौतीस, बेचाळीस, डावा खांदा उतरता.
पलीकडं बँकेतल्या निंबाळकर मॅडम,
ज्यांच्या प्रत्येक ब्लाऊजात एका बाजूला
मी जाड अस्तर घालते, आणि का घालते
ते आम्हा दोघींनाच ठाऊक.
दोघींनी मला बघितलं
आणि श्वास आत ओढला.
अगदी टेपापुढं ओढतात तसा.
मॅडमनी तर टॉवेल पोटावर घेतला.

मला वाटत होतं, सगळ्या माझ्याकडं बघतायत.
बघत होत्याच की.
भीत होत्या.
सगळ्यांची वही माझ्याकडं.

मालन उतरली, घाम पुसत कानाशी आली,
"ताई, इथं कुणाला सांगू नका हं माझं माप."
मी म्हटलं, "मालन, मला इथं धड दम घेता येईना,
तुझं माप कुठलं आठवायला!"
खोटं होतं. पण ती हसली.
हसताना पोट सुटलं तिचं.
मग माझंही सुटलं.
किती वेळ ओढून धरलं होतं, कुणाला ठाऊक.

एवढ्यात खाली गिरणी सुरू झाली.
अख्खा मजला थरथरला, आरसे थरथरले,
आरशातल्या सगळ्या बायका थरथरल्या,
कुणाची कड कुठं संपते ते कळेना.

दम लागला म्हणून बाकावर टेकले.
रेक्झिनची शिवण उसवलेली, स्पंज बाहेर आलेला,
कुणीतरी चिकटपट्टी लावून भागवलेलं.
"हर्षला," म्हटलं, "हे कुणी शिवलंय गं?
उद्या मी जाड सुई आणते.
अन् दोरा दुहेरी."