सोमवारी घारापुरी बंद असते

हे आम्हाला गेटवेला पोचल्यावर कळलं,
फुगे विकणाऱ्या माणसाकडून.
देविदासने वही काढली, उभ्यानेच लिहिलं :
बस, दोघे, वीस.
पुढे कंसात : वाया.

दारव्ह्याहून निघताना पाठीवर पोराची जुनी सॅक,
तिच्यावर त्याने शाईने काढलेला ड्रॅगन.
आत दशम्या, तिळाची चटणी, दोन टॉवेल
आणि ही वही.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच
कुणाचं लग्न नाही, कुणाचा दवाखाना नाही,
नुसतं बघायला.

रात्र काढली होती फोर्टातल्या डॉर्मिटरीत.
बायका इकडे, माणसं तिकडे, मधे प्लायवूड.
अहो, आम्ही नवरा-बायको आहोत, मी म्हटलं.
सगळे तेच सांगतात, मॅनेजर म्हणाला.
दोन वाजता पलीकडून खोकला आला.
खालच्या बंकवर नर्सिंगच्या परीक्षेला आलेली मुलगी,
ती अंधारातच बोलली, मावशी, तुमचे का?
हो. झोप येत नसली की खोकतात.
मग मीही खोकले.
एकदाच.

तर सोमवार.
फुगेवाल्यानेच सांगितलं,
घारापुरीचा हत्ती भायखळ्याला आहे,
ज्याच्यावरून गोऱ्यांनी बेटाला नाव दिलं तो.
म्हणजे बोटीचे पैसे वाचले, देविदास म्हणाला,
आणि अजून पाच वाचवायला
आम्ही दोन स्टॉप आधीच उतरलो.
उतरताना त्याच्या चपलेचा अंगठा तुटला.

दशम्यांच्या फडक्याची चिंधी फाडून बांधली.
तो पाय ओढत चालायला लागला, नवरदेवासारखा,
आणि मी हसले.
हसायला नको होतं.
तूच म्हणे मुंबई पाहू, तो म्हणाला.
तुझीच वही म्हणे आधी उतरू, मी म्हटलं.
पुढचा रस्ता
एक जण या फुटपाथने, एक जण त्या.
मधून टेम्पो, हातगाड्या, बर्फाच्या लाद्या नेणारा सायकलवाला.
सॅक माझ्याकडे होती, पाणी सॅकमध्ये,
आणि तहान त्याला लागलेली, हे मला तिकडूनही दिसत होतं.

हत्ती काळा, अंगभर झिजलेला.
बोटीवर चढवताना साखळी तुटली,
खाली पडून त्याचे तुकडे झाले,
मग कितीतरी वर्षांनी कुणीतरी ते जोडले,
असं तिथला माळी सांगत होता.
देविदास नगरपरिषदेत पाइप जोडतो.
त्याने लांबूनच मान वाकडी करून
एकेक सांधा पाहिला, पोटाचा, मागच्या पायाचा,
बराच वेळ.
मग म्हणाला, बरा बसवला.
गळणार नाही.
आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला,
पाण्यासाठी.

मंगळवारी बोट मिळाली.
पायऱ्यांवर माकडाने पिशवी ओढली,
दशम्या घेतल्या, चटणी चाखून थुंकला,
मग वही उघडून बसला कठड्यावर,
ऑडिटला आलेल्या साहेबासारखा.
काहून बे, सापडली का चूक?
देविदास ओरडला, आणि माकडाने
सोमवार टरकावला, रविवार टरकावला,
उरलेली वही खाली झाडीत टाकून दिली.
तिकडे रस्ता नव्हता.

लेण्यात गार होतं.
त्या तीन तोंडांपुढे आम्ही किती वेळ उभे होतो
त्याची नोंद नाही.
डोळे मिटलेले ते मधलं तोंड
आमच्या सासऱ्यांसारखं, जेवण झाल्यावरचं,
हे मी त्याला सांगितलं नाही.
बाहेर आल्यावर तोच म्हणाला, बाबा दिसले का तुला?

परतताना बोटीचा वरचा मजला घेतला.
माणशी दहा जास्त.
त्याचा हात खिशाकडे गेला.
खिशात नुसतं पेन.
मग माझा तळहात ओढून त्यावर लिहायला लागला :
वरचा मजला, दोघे, वीस.
पुढे कंस उघडला,
तेवढ्यात बोट हलली
आणि रेघ मनगटापर्यंत गेली.