एकास शंभर

बेसा रोडवरच्या सात मजल्यांचं मॉडेल
अकरा दिवस माझ्या टेबलावर उभं आहे.
फोमबोर्ड, अ‍ॅक्रिलिक, हिरव्या रंगात बुडवलेला स्पंज,
ज्याला बिल्डर गुलमोहर म्हणतो.
मे महिन्यात डिंक सैल होतो.
दुपारी दोनला गच्चीचा कठडा बाहेर कलतो,
जणू खाली कुणाला हाक मारायची आहे.
कुलरचं तोंड मी भिंतीकडे वळवून ठेवतो,
ओल लागली की भिंती फुगतात.

गिऱ्हाइकं उभ्यानेच बघतात,
घार बघते तसं.
छप्पर उचलतात,
बेडरूममध्ये अंगठा ठेवतात
आणि म्हणतात, लहान वाटते.

रविवारी बाबा आले, तांडापेठेतून, डबा घेऊन.
चाळीस वर्षं खड्डामागावर गेलेली:
पाय खाली अंधारात,
डोळे जमिनीपासून दीड हातावर.
दारात कोण आलं
ते पोटऱ्यांवरून ओळखायचे.

त्यांनी मॉडेल वरून पाहिलंच नाही.
स्टूल बाजूला सारलं, उकिडवे बसले,
गाल टेबलाला लावला, एक डोळा मिटला,
ताण्यात सैल धागा शोधावा तसा.
दोन सेंटिमीटरच्या दारातून
बराच वेळ आत गेलेले.
डब्यातली भाजी गार झाली.

मग म्हणाले,
"आतमदी तं संध्याकाळ झाली बे, रेवन्या."
बाहेर दीड वाजला होता.
"जिन्यापाशी हवा येईन.
इथी बसन बाई कोनी."

डबीतून एक माणूस काढला,
पावणेदोन सेंटिमीटरचा, चिमट्याने लावला.
"उभी काऊन केली?
हवा खाले मानूस बसते."

माझ्या डबीत साठ माणसं आहेत.
सगळी चालणारी, एक पाय पुढे,
सगळी कुठेतरी निघालेली.
बसलेलं एकही नाही.
इतकी वर्षं मागवताना
ध्यानातच आलं नाही.

बाबा गेल्यावर
एकीचे पाय गुडघ्यातून कापले,
पहिल्या पायरीला चीर दिली,
तिला तीत रोवली.

सोमवारी चरडे साहेब आले.
वरून पाहिलं, चष्मा पुसला, फायनल म्हणाले.
गुलमोहर थोडे वाढवा म्हणाले.

ते गेल्यावर टेबलाला गाल लावला.
लाकूड तापलेलं होतं.
इथून सातवा मजला दिसत नाही,
गच्चीही नाही.
जिना दिसतो, आणि ती,
माझ्या पोटऱ्यांकडे बघत.