बाण हलत नाही

एकतीस मार्च, दुपारचे पावणेचार.
सर्जेकोटच्या मच्छीमार सोसायटीत एकच खिडकी उघडते,
तिच्यातून सुक्या बांगड्यांचा वास
आणि जुझेचा प्रश्न एकदमच आत येतात:
"झाला काय गो?"

एकोणचाळीस होड्यांचा डिझेल परतावा
पडद्यावर भरून तयार,
आणि बाण
'सादर करा'च्या चार बोटं अलीकडे
ओहोटीत रुतलेल्या होडक्यासारखा.

मी बोट फिरवते. बोट पुसून फिरवते.
टचपॅड पदराने पुसते, चष्म्याच्या फडक्याने पुसते,
फुंकर घालते,
पोराच्या सोललेल्या गुडघ्यावर घालतात तशी.
बंद करून चालू.
चालू होताना तो जो सूर काढतो
त्याने मला दर वेळी आशा वाटते,
हे माझं चुकतंच.

पुण्याहून भाचा प्रणित फोनवर:
"आत्ते, एफएन धरून एफ सात दाब.
नाही? मग सेटिंगमध्ये जा."
कशाने जाऊ रे?
"टॅब मार. टॅब, टॅब, टॅब, मग एंटर."

तशी गेले. इंजिन बंद पडल्यावर
काठी खाडीच्या तळाला टेकत टेकत जातात तशी.
एकदा टॅब जास्त झाला, भलत्याच दारात पोचले,
परत फिरले.
शेवटी ती ओळ सापडली:
हे उपकरण व्यवस्थित काम करत आहे.

गेल्या साली ओरोसच्या इस्पितळात
माझ्याही कागदावर असंच लिहून दिलं होतं.
खांदा दुखत होता तरी.

लवू मेस्त आला तो स्वतःच्या बिलासाठी,
तीन फळ्या आणि डांबराचा डबा.
काय बिघडलं ते त्याने विचारलं नाही.
तळहात आडवा ठेवला,
होडीच्या बुडाला ठेवतो तसा,
अंगठा कडेकडेने नेला
आणि एका जागी थांबला.
"फळी उठलीहा," म्हणाला.
"खालसून कायतरी फुगलाहा.
वरसून पुसून काय उपेग?"

मी गाल टेबलाला लावून पाहिलं.
खरंच. नखाएवढा उंचवटा.
दोन वर्षं वायर कधी काढलीच नव्हती मी,
आणि बॅटरी आतल्या आत फुगत
टचपॅडला खालून रेटत राहिलेली.
कुठल्याच ओळीत त्याची नोंद नाही.

दहा स्क्रू. जुझेच्या वायरलेसच्या पेटीतला बारका पेचकस.
स्क्रू कालवाच्या शिंपीत, काढले त्या क्रमाने.
"टोचू नकोस हं, पेट घेईल!"
प्रणित टेबलावरून ओरडत होता, कुणी फोन उचलेना.
बॅटरी निघाली ती केंड माशासारखी,
पोट टम्म, डोळे नसलेली.
जुझेने वाळूच्या बादलीत घालून
ती वाऱ्याच्या उलट बाजूला, धक्क्याच्या टोकाला नेऊन ठेवली
आणि हात खूप वेळ पँटला पुसले.

आता नुसत्या वायरवर.
वीज गेली की सगळं गेलं.
तिघंही वर पंख्याकडे बघत.
मी बोट टेकवलं.
बाण आधी थरथरला, मग
चिखलातल्या निवट्यासारखा टुणकन उडून
पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला.
"हळू," लवू म्हणाला. "रंधो मारताना असा हळू."

हळू नेला.
दाबलं.
पडदा पांढरा झाला, पांढराच राहिला,
खिडकीबाहेर कुणीतरी बांगडे उलटत होतं,
मग पावतीचा क्रमांक आला, चौदा आकडी.
मी रजिस्टर ओढलं, नववा आकडा लिहिला
आणि पंखा मंद होत होत थांबला.

उरलेले पाच आकडे
कुणाच्याच लक्षात नाहीत.
जुझे म्हणतो शेवटी सात होता.
लवूने अंधाऱ्या पडद्यासमोर
आपलं बिल सरकवलं.