सर्व्हररूमला किती हार

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी गांगुर्डेमामा आले,
हातात दरवर्षीची वही.
लेथ चार, प्रेस दोन, कॉम्प्रेसर, वजनकाटा,
सर्व्हर सात.
"मॅडम, फुलबाजारात निघालोय. आकडे तेच ना?"

मी म्हटलं, सर्व्हरला एकच आणा.

मामांनी काचेला नाक लावलं.
मागच्या दसऱ्याला इथे सात खोकी होती.
पगाराचं दमेकऱ्यासारखं धापायचं,
डिस्पॅचच्या कपाळावर इतक्या वर्षांचं कुंकू
की उघडलं तेव्हा पंख्यातूनही लाल भुकटी निघाली.
आता रॅकमध्ये एकच यंत्र,
चार बोटं उंच, आडवं, गप्प.

"बाकीची?"
"भंगारात. सातही."
"मग पगार?"
"होईल की. सातही चालू आहेत, मामा. याच्या आत."

कैवल्य बोरस्ते, म्हसरूळहून येतो, डिप्लोमा ताजा,
तो उत्साहाने म्हणाला, "हायपरव्हायजर म्हणजे..."
मी त्याला डोळ्यांनी बसवलं.
त्या शब्दाने आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

मी शेअर रिक्षापासून सुरुवात केली.
सीबीएस ते सातपूर, एक इंजिन, पाच सीटा.
पण रिक्षात शेजाऱ्याचा घाम कळतो,
आणि इथे पगाराला डिस्पॅच दिसतसुद्धा नाही.
प्रत्येकाला वाटतं, आख्खं यंत्र माझंच:
माझी मेमरी, माझी डिस्क, माझी वायर.
सगळं कागदोपत्री.

मामा थांबले.
"म्हणजे अंगात येतं तसं."
"...हो."
"एका अंगात सात?"
"पाळीपाळीने. पण इतक्या भरभर
की पाळी लागली होती हे कुणालाच कळत नाही."
मामांनी मान हलवली.
वणीच्या पायथ्याचा माणूस, त्याला यात नवल वाटलं नाही.

मग मलाच चेव आला.
सांगितलं की वाटलेल्या मेमरीची बेरीज
असलेल्या मेमरीहून जास्त आहे,
दोनशे पानं सांगून दीडशेंचा भात लावतात तसं,
सगळे एकाच पंगतीला बसत नाहीत या भरवशावर.
सांगितलं की डिस्पॅच आता एक फाइल आहे,
उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवली तर
तिथेही डोळे उघडून विचारेल, आजची चलनं कुठायत.
हेही सांगितलं की बदल करण्याआधी त्या घडीचा स्नॅपशॉट घेता येतो,
चुकलं तर मागे फिरता येतं.

"हे मला माहितीये," मामा म्हणाले,
"त्या रात्री चार वेळा चहा मीच आणला होता."
कैवल्य खाली बघू लागला.
जूनमध्ये त्याने स्नॅपशॉट घेतला आणि काढायला विसरला.
तो आत वाढत गेला, वाढत गेला,
पहाटे चारला डिस्क भरली आणि सात जणांनी एकदम श्वास धरला.
पांढऱ्या फळ्यावर अजून त्याचंच अक्षर आहे,
खाली दोन रेघा:
स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे.

मामांनी वहीत सातावर काट मारली, एक लिहिलं.
दारापर्यंत गेले, परत आले.
"आणि हे एक बंद पडलं तर?"

एसीचा आवाज तेवढा होता.
"सातही जातील," मी म्हटलं.
"मग एका हारात भागायचं नाही, मॅडम."

दुसऱ्या यंत्राचा माझा प्रस्ताव तीनदा वर जाऊन आलाय.
तिन्हीवर एकच शेरा, पुढील वर्षी पाहू.
हे मी मामांना सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, हार लावताना पुढची जाळी मोकळी ठेवा,
तो तिथूनच हवा घेतो.

सकाळी अंबडची सगळी वसाहत झेंडूच्या वासात.
खैरनारसाहेब ताट घेऊन आत आले, कपाळाला हात, नारळ बाहेरच.
यंत्रावर हार, जाळी सोडून, नेटका.
त्याच्या खाली,
जिथे रॅकमध्ये नुसती पोकळी आणि चार रिकामे स्क्रू,
तिथे आणखी एक.

"हा कुणाला, गांगुर्डे? इथे तर काही नाही."

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले,
"आहे साहेब. फक्त अजून आलेलं नाही."