फळ्यावरची जागा

कॉलनीच्या गेटाशी, डीपीच्या शेजारी
एक फळा आहे. त्याचा खडू माझ्याकडे असतो.
देवळालीच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा
सेक्रेटरी कापडणीस म्हणाले,
बाई, तुमचं अक्षर वाया जायला नको.

म्हणून पौषात मी लिहिलं:
वडनेरच्या बाजूला ऊसतोड सुरू आहे.
बिबट्या दिसला आहे.
उजाडण्याआधी एकट्याने फिरायला जाऊ नये.
कुत्री आत बांधावीत.
लहान मुलांना खाली वाकून खेळू देऊ नये.

शेवटच्या ओळीला खडू मोडला.
पस्तीस वर्षं मी मुलांना
खाली वाकून बुटाची नाडी बांधायला शिकवत होते.

रात्री पारा सहावर.
शेकोटीपाशी पहारा: विसपुते, प्रेसमधून सुटलेले सानप,
आणि कोपऱ्यावरच्या रो-हाउसमधला तो नवा भाडेकरू,
ज्याला आम्ही आठ महिने 'तो नवा भाडेकरू' म्हणत होतो.
तिसऱ्या रात्री कळलं, मुश्ताक.
आल्याचा चहा त्याच्यासारखा कुणाला जमत नाही.

वनखात्याने मोकळ्या प्लॉटवर पिंजरा लावला.
आत शेळी.
वनरक्षक कौतिक गांगुर्डे समजावत होता,
मधे जाळी असते बाई, शेळीला काही होत नाही.
गायधन्यांच्या धाकटीने विचारलं,
हे शेळीला माहितीये का?

कौतिकने टोपी काढली. परत घातली.

मग रोज दुपारी, मोठ्या माणसाचा हात धरून,
मेथीच्या काड्या, कोबीचा पाला, रांगेने.
कपाळावर गोल तपकिरी डाग,
म्हणून तिचं नाव सुपारी.
रात्री ती ओरडायला लागली
की एकेका घरातला टीव्ही मोठा व्हायचा.
माझाही.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला
प्लास्टिकचे डबे नव्हते.
झाल्टे वहिनींनी रविवार कारंज्यावरून
सहा डझन स्टीलच्या शिट्ट्या आणल्या,
लाल दोऱ्यात ओवून तिळगुळाबरोबर वाटल्या.
हसून हसून पुरेवाट.
नवऱ्यासमोर वाजवली तर चालेल का गं?
शेवंताबाई नेहमीप्रमाणे दाराबाहेर चपलांपाशी उभ्या,
सात वर्षं तिथेच उभ्या राहतात.
वहिनी बाहेर गेल्या, त्यांच्या गळ्यात दोरा घातला.
म्हणाल्या, बिबट्या काय कुंकू बघून येतो?

शिट्टी वाजली ती करीच्या दिवशी, भर दुपारी.
शेवंताबाई गच्चीवर धने वाळत घालत होत्या.
विजेच्या खांबापासून जांभळीच्या फांदीपर्यंत
रस्त्यावर आडवं काहीतरी चमकलं, विझलं, चमकलं.
आणि वळणावरून पार्सलवाला पोरगा, सुसाट.

अशी वाजवली त्यांनी,
की सात वर्षांची हवा बाहेर आली असावी.

पोराने करकचून ब्रेक मारला
आणि आधी खिशातलं लायसन चाचपलं.
नायलॉनचा मांजा त्याच्या गळ्यापासून वीतभर.
आम्ही सगळे काठ्या घेऊन धावत आलेलो,
झुडपात बिबट्या शोधत.

मुश्ताकने तो दोरा वर्तमानपत्रावर गुंडाळला,
तरी दोन बोटं कापलीच.
मांजा कुणाचा, कुणी विचारलं नाही.
गायधन्यांचा थोरला दोन दिवस जेवायलाही
खाली उतरला नाही, असं त्याची आईच म्हणाली,
कुणी न विचारता.

फळ्यावर जागा उरली नव्हती.
'कुत्री आत बांधावीत'च्या खाली, बारीक अक्षरात,
मी मांजाबद्दल लिहिलं.
मग पुसलं, आणि मोठं लिहिलं.

बाराव्या दिवशी पिंजरा टेम्पोत चढला.
आता पाथर्डीकडे, कौतिक म्हणाला.
सुपारी मागे बघत नव्हती, ती पाला चघळत होती.
बिबट्या आलाच नाही. किंवा येऊन, बघून गेला.
प्लॉटवर पिवळ्या गवताचा एक चौकोन,
थोड्या लेंड्या.

काल मी ओल्या फडक्याने फळा पुसला.
सोमवारी पाणी येणार नाही, असं लिहिलं.
ऊन तिरपं झालं की
'पाणी'च्या मागे 'बिबट्या' अजून दिसतो.
गेटातून आत येणारे तिथे जरा थांबतात,
वाचतात,
गळ्यातला दोरा चाचपतात.