पितळेचे चार शंकू

कुपवाडच्या शेडमध्ये एकतीस वर्षं लेथ चालवला,
थरथर म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.
टूल सैल असलं की जॉबवर लाटा उमटतात,
नखाला आधी कळतात, डोळ्याला नंतर.

रिटायर झालो आणि रेकॉर्ड प्लेअर घेतला,
जुनाच. मोटर मिरजेच्या अल्ताफनं बांधून दिली.
वखारभागातलं आमचं घर
किती हलतं ते तेव्हा कळलं.

ऊस घेऊन ट्रॅक्टर जातो, मागं दोन ट्रेलर,
तर सुई आधी दचकते, मग खिडकी.
वरच्या मगदुमांचं वॉशिंग मशीन
शेवटच्या पिळ्याला आलं
की तानपुऱ्याला हिवताप.

मग सुरू झालं.
टेनिसचे दोन चेंडू चिरून चार वाट्या.
नातवाच्या सायकलची ट्यूब, निम्मीच हवा भरून,
तिच्यावर कडप्पा, ओट्याचा उरलेला.
पुण्याहून कुरियरनं चार काळ्या गोळ्या,
चिकट, ओल्या गुळासारख्या दबणाऱ्या.
प्रभावतीनं बिल वाचलं.
"एवढ्यात माझ्या गुडघ्यांचं काहीतरी झालं असतं."
खोटं नव्हतं ते.

शंकू मात्र मीच काढले,
जुन्या शेडवर, रविवारी, वॉचमनला चहा पाजून.
पितळेचे, भोवऱ्याच्या आरेसारखे, टोकावर उभे राहणारे.
तीन साठ अंशांचे.
चौथा अठ्ठावन्नचा झाला.
हात थरथरतो आता,
त्याच्याखाली काय ठेवायचं?

वाटीत पाणी घेऊन कडप्प्यावर ठेवलं.
ट्रॅक्टर गेला.
पाणी झोपलेलं.

त्या रात्री कॅसेट डेकही तिथंच मांडला
आणि रत्नाक्काची कॅसेट लावली.
आत्या माझी. बुधगावच्या शाळेत मास्तरीण,
चार माणसांत कधी गायली नाही.
एका सकाळी भाजी निवडताना गुणगुणत होती,
मी बटण दाबलं, एवढंच.
वर तारीख नाही, काही नाही.

आधी फसफस. मग आक्का.
आणि तिच्या खाली
धक्क. धक्क. धक्क.

बंद केली. कडप्प्यावर तळवा ठेवला. गार.
भिंतीला कान लावला.
मगदूम लग्नाला जयसिंगपूरला गेलेले,
रस्त्यावर एक कुत्रं, तेही निजलेलं.
शंकू काढले, गोळ्या घातल्या,
गोळ्या काढल्या, ट्यूबमधली हवा कमी केली.
धक्क.
तिसऱ्या ओळीला आक्का रेंगाळते,
तो रेंगाळत नाही.

दीड वाजता डोक्यात उजेड पडला.
भिंतीपलीकडं भूपालअण्णांची गिरणी होती.
पट्ट्याचा सांधा पुलीवरून जाताना
असाच बोलायचा.
बंद पडून बावीस वर्षं झाली,
तिथं आता मोबाईलच्या काचा बदलतात.
टेपरेकॉर्डर मी तेव्हा थेट फरशीवर ठेवला होता,
खाली साधं फडकंसुद्धा न घालता.
आता या आवाजाखाली
काय सरकवणार, आणि कुठून?

"बाजरी आहे ती,"
आतल्या खोलीतून प्रभावती म्हणाली.
मला वाटलं झोपेत बोलतेय.
"गव्हाला गिरणी एवढी कण्हत नाही.
शाळूचा आवाज कोरडा. ही बाजरी.
आणि आपल्या गल्लीत बाजरी कधी दळायचे?"

भोगीच्या आदल्या दिवशी.

पेन्सिलीनं कॅसेटवर तेवढं लिहिलं.
साल काही लागेना.
प्रभावती उठून आली, शाल घेऊन,
खुर्ची कडप्प्याजवळ ओढली.
पुन्हा लावली.
आक्का गातेय,
आणि आम्ही दोघं तिला जरा बाजूला सारून
पट्ट्याकडं कान देऊन बसलोय,
भूपालअण्णांनी तो नवा कधी घातला होता
ते आठवत.